पायथन स्क्रिप्ट मोठं टेबल वाचताना नुसतं 'किल्ड' होऊन बंद पडते? माझा अनुभव

पोस्टग्रेस डेटाबेसमधलं सव्वा कोटी ओळींचं टेबल सायकोपीजी२ (पायथनला पोस्टग्रेसशी जोडणारी लायब्ररी) ने वाचत होतो, सर्व्हरला ४ जीबी रॅम, आणि स्क्रिप्ट एकही ओळ प्रिंट न करता मरायची, एरर काही नाही, नुसतं 'किल्ड', डीमेसेजमध्ये (लिनक्स कर्नलच्या नोंदींत) मात्र 'आउट ऑफ मेमरी' दिसलं. फेचऑल (सगळ्या ओळी एकदम घेणं) काढून फेचमेनी (थोड्या थोड्या घेणं) लावलं, पांडाज लायब्ररीत चंकसाइज (एका वेळी किती ओळी) दिला, रॅमसुद्धा वाढवून पाहिली. दोन रात्री गेल्या, अक्षरशः रडकुंडीला आलो.

शेवटी टॉप (मेमरी वापर दाखवणारी कमांड) उघडून बघितलं तर मेमरी एक्झिक्यूटच्याच (क्वेरी चालवणाऱ्या) ओळीवर चढत होती, कारण साधा कर्सर (क्वेरीचा निकाल वाचायचं साधन) अख्खा निकाल आधीच आपल्याकडे ओढून घेतो, मग फेचमेनी करून उपयोग काय!

आता नीट क्रमाने: आधी ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरी आपोआप कमिट होणं) बंद. मग कर्सर बनवताना त्याला नाव द्या, कुठलंही चालेल, म्हणजे तो, निकालासकट, डेटाबेस सर्व्हरवर राहतो. मग आयटरसाइज (एका खेपेला आणायच्या ओळी) ५००० ठेवा (मुळात २००० असतो), एक्झिक्यूट करा आणि थेट कर्सरवरच फॉर लूप फिरवा, फेचऑल अजिबात नको. लूपमध्ये लिहायचं असेल तर दुसरं कनेक्शन घ्या, त्याच कनेक्शनवर कमिट (बदल पक्के) केलं की कर्सर बंद पडतो, हे मला परत एकदा नडलं. आता मेमरी ९० एमबीच्या आसपास राहते, शेवटच्या ओळीपर्यंत.