मुदतवाढ मागताय? शेड्यूलमधल्या या चुका टाळा

बांधकाम लांबलं की ठेकेदाराने साइट डायरी काढायची आणि बेरीज मांडायची: ड्रॉइंग उशिरा आलं २० दिवस, पावसाने गेले ८, मग २८ दिवसांच्या मुदतवाढीचा अर्ज. हा अर्ज टिकत नाही. काम किती दिवस अडलं यापेक्षा शेवटची तारीख किती हलली, हे दाखवावं लागतं.

समजा, सोलापुरात होटगी रोडला तीन मजली इमारत चालू आहे. उशीर झालेलं ड्रॉइंग कंपाउंड वॉलचं होतं आणि त्या कामाला ४० दिवसांचा फ्लोट होता, म्हणजे ते तेवढे दिवस लांबलं तरी शेवटची तारीख हलणार नव्हती. ताबा द्यायची तारीख जागची हलली नाही. पाणी मात्र काळ्या मातीतल्या फूटिंगच्या (पायाच्या) खड्ड्यांत भरलं. फूटिंगशिवाय कॉलम नाही, कॉलमशिवाय स्लॅब नाही. हा क्रिटिकल पाथ: एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची साखळी, जिच्यातला उशीर थेट शेवटची तारीख हलवतो. दावा झालाच तर या ८ दिवसांचा, तोही पाऊस नेहमीपेक्षा जास्त होता हे सिद्ध झालं तर. सोलापुरात सप्टेंबरात जोराचा पाऊस होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो, मे महिन्यातली दुपारची सुट्टी आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला कमी होणारे मजूर, हे सुरुवातीच्याच कॅलेंडरमध्ये धरा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे शेड्यूलच्या एकाच फाइलवर पुन्हा पुन्हा सेव्ह करणं. मूळ बेसलाइन, म्हणजे सुरुवातीला ठरलेलं शेड्यूल, पुसली की तुलना कशाशी करणार? दर महिनाअखेर प्रत्यक्ष सुरुवात, प्रत्यक्ष शेवट आणि उरलेले दिवस भरून वेगळी प्रत ठेवा. क्रिटिकल पाथ बदलत राहतो: जूनमध्ये पाया, नोव्हेंबरात कदाचित लिफ्ट. त्यामुळे प्रत्येक विलंब त्या-त्या महिन्याच्या शेड्यूलवरच तपासायला हवा.

काम बंद नाही, पण रेंगाळतंय, हे प्रकरण वेगळं. जागा तुकड्या-तुकड्यांनी मिळाली आणि वीटकाम रोज १० घनमीटरवरून ६ वर आलं, तर त्याच साइटवर अडथळा नसतानाचा वेग आधार म्हणून दाखवा. मस्टर (मजुरांची हजेरी) आणि मोजमापं नसतील तर हे सिद्ध होत नाही.

मालकाचं ड्रॉइंग आणि ठेकेदाराचं सेंट्रिंग (स्लॅबचा तात्पुरता साचा), दोन्ही एकाच वेळी रखडलं असेल तर बहुधा मुदत मिळते, जादा खर्च मिळत नाही. करार मात्र आधी वाचा.

मुदतवाढीच्या दाव्याची नोटीस वेळेत द्या. फिडिकच्या (सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नमुना करारांत ही मुदत २८ दिवसांची असते. मालकांनीही सावध राहावं: वेळेच्या अटीवरचं काम उशिरा स्वीकारताना भरपाई मागणार असल्याची नोटीस दिली नाही, तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५५ नुसार त्या उशिराची भरपाई मागता येत नाही.