जुन्या जीपला मोठा रेडिएटर टाकताय? या चुका टाळा

आंबोली किंवा कुंभार्ली घाट चढताना तापमानाचा काटा लालात गेला, की सल्ला ठरलेला: "मोठा रेडिएटर (इंजिनाचं पाणी थंड करणारी जाळी) टाका." एमएम ५४० असो, कमांडर असो की जिप्सी. पण पैसे घालवण्याआधी गाडी नेमकी कधी तापते ते बघा.

वाळूत, चिखलात किंवा बाजारपेठेत हळू चालताना तापते आणि हायवेला वेग घेतला की काटा उतरतो? मग दोष बहुतेक हवेचा: पंखा, बेल्ट नाहीतर शराऊड (पंख्याभोवतीचं कवच). उलट वेगात नि लांब चढावर तापत असेल, तर वॉटर पंप किंवा चोंदलेली जाळी. आणि थंड इंजिनावर रेडिएटरची कॅप काढून गाडी सुरू केल्यावर पाण्यात बुडबुडे थांबतच नसतील, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) तपासा. तिथे चार रोचा कोअरही (नळ्यांच्या चार रांगांची जाड जाळी) काही करणार नाही.

शराऊडची तर दशाच असते. कुठल्याशा कामात आड आलं म्हणून कुणीतरी काढलेलं, ते परत लागलेलंच नसतं. मग पंखा जाळीतून हवा ओढायचं सोडून इंजिनाभोवतीची गरम हवाच घुसळत बसतो. जाड कोअरमधून हवा ओढायला जोरही जास्त लागतो, म्हणजे शराऊडशिवाय चार रो टाकणं हा निव्वळ तोटा. पंखा आणि जाळीतलं अंतर आधी मोजा, मगच ऑर्डर द्या.

"थर्मोस्टॅट काढून टाका, थंड राहील" (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) हे गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं. ऐकू नका. घाटाखाली इंजिन थंड राहून झिजतं, आणि काही इंजिनांत बायपासची आडवाट उघडीच राहिल्याने पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरतं. गाडी उलट जास्त तापते.

आता किनाऱ्याचं दुखणं. हर्णै-मालवणकडे पुळणीवर गाडी फिरवून तशीच उभी केली, की खारं पाणी जाळीत सुकतं. काही काळाने जाळीची पातळ पानं बोटाने दाबली तरी चुरा होऊन हातात येतात. ॲल्युमिनियमचा रेडिएटर हलका आणि चांगला, पण मीठ त्याला जास्त छळतं. समुद्रावरून आल्यावर, इंजिन थंड झालं की गोड्या पाण्याने मागून पुढे धुवा. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारलात तर पानं आडवी होतात. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी आत भरू नका. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं.

कॅपचा दाब एक पीएसआयने (दाबाचं एकक) वाढला की पाणी साधारण दीड अंश उशिरा उकळतं, म्हणून लोक जास्त दाबाची कॅप लावतात. पण जुन्या पितळी रेडिएटरचे डागलेले सांधे त्याने उकलू शकतात. कंपनीने सांगितलेलाच दाब ठेवा. रेडिएटर बसवायचे रबरी माउंटही गाळू नका. खडकाळ वाटेवर चासी पिळते आणि घट्ट आवळलेला रेडिएटर फुटतो.

पाणी भरल्यावर गाडी नाकाने वर उभी करा, हीटर उघडा आणि एअरलॉक (आत अडकलेली हवा) निघेपर्यंत कॅप लावू नका.

पावसात ओढा ओलांडताना पाणी पंख्यापर्यंत येणार असेल, तर बेल्ट सैल करून घ्या. फिरती पाती पाण्याच्या रेट्याने पुढे वाकून जाळीत घुसतात. पलीकडे गेल्या गेल्या बेल्ट ताणा, कारण वॉटर पंपही त्याच्यावरच चालतो.