'आमचं नेतृत्व' हे पान वाचताना मी वर्षं वाचली नव्हती

एप्रिल 2019 मध्ये माझ्या हातात पुण्यातल्या दोन ऑफर होत्या. एक खराडीतली, नेटवर्क सपोर्टची, रात्रपाळीसकट. दुसरी बाणेरच्या एका कंपनीची. ती केबल ब्रॉडबँड विकायची आणि स्वतःचं ओटीटी अ‍ॅप आणणार होती. पगारात फारसा फरक नव्हता. मी बाणेरची घेतली, आणि खरं कारण सांगायचं तर त्यांच्या वेबसाइटवरचं 'आमचं नेतृत्व' हे पान. आठ फोटो, आठ मोठी नावं, प्रत्येकाखाली 'दूरसंचार व माध्यम क्षेत्रातला 20 वर्षांहून अधिक अनुभव'. ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनिअरिंग) करून दोन वर्षं एनओसीत, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात, अलार्म बघत बसलेल्या मला वाटलं, या माणसांच्या हाताखाली चार वर्षं काढली की आपण घडलो.

दहाव्या महिन्यात सीईओंनी राजीनामा दिला. पुढच्या सहा आठवड्यांत उरलेल्या सातांपैकी पाचजण गेले. अ‍ॅपचं काम थांबलं, आमच्या अकरा जणांच्या टीमला एका मीटिंगमध्ये सांगून टाकलं, आणि त्यानंतर महिन्याभरात लॉकडाउन लागला. शैक्षणिक कर्जाचा हप्ता चालू होता. कर्वेनगरची पीजी सोडून मी बारामतीला घरी गेले. आईने काही विचारलं नाही, तेच जास्त लागलं. कंपनीचं नाव लिहिणार नाही, कारण तिथल्या कुणी मला फसवलं नव्हतं. सगळं त्या पानावर होतं. मी पदं वाचली, पदव्या वाचल्या, वर्षं वाचली नाहीत.

घरी बसल्यावर मी तेच आठ लोक लिंक्डइनवर एकेक करून उघडले आणि वहीत उतरवले. आठपैकी सहाजण अवघ्या 14 महिन्यांत तिथे आले होते. त्या सहापैकी पाचजणांची आधीची कंपनी एकच. म्हणजे ती कंपनीची टीम नव्हतीच. सीईओंची टीम होती, त्यांच्या शब्दावर आलेली आणि त्यांच्याबरोबर जाणारी. कंपनीत मुरलेला माणूस एकच, फायनान्सचे साहेब, नऊ वर्षांचे. आणि ओटीटीचं गणित बसत नाही हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, असं मला नंतर कळलं.

म्हणून हे जरा लांबवून सांगते, कंटाळा आला तरी वाचा. वहीत पाच रकाने आखा: नाव, इथे कधी आले, आधी कुठे होते, तिथे किती महिने, आणि काम कशाचं, म्हणजे विक्री, नेटवर्क, फायनान्स, कायदा की कंटेंट. पाचवा रकाना पदावरून भरू नका. 'चीफ ग्रोथ ऑफिसर' म्हणजे एका कंपनीत जाहिरातीची विक्री, दुसरीकडे रिचार्जची दुकानं. मग दुसरा आणि तिसरा रकाना शेजारी ठेवा. एकाच वर्षात, एकाच ठिकाणाहून तिघांपेक्षा जास्त आले असतील तर समजा की हे बिऱ्हाड आहे. बिऱ्हाड वाईट नसतं. बऱ्याचदा तेच कंपनी वर काढतं. पण तुमची नोकरी तेव्हा कंपनीवर नाही, एका माणसाच्या मुक्कामावर उभी असते, आणि ते माहीत असून जाणं वेगळं. मी माहीत नसताना गेले.

पानावरून कोण गायब झालं तेही बघा. वेबसाइटची जुनी पानं इंटरनेट आर्काइव्हवर बहुतेक वेळा सापडतात. दोन वर्षांपूर्वीचं पान काढून आजच्या शेजारी लावा. दूरसंचार कंपनी माध्यम कंपनी विकत घेते तेव्हा तर हे हमखास करा. अमेरिकेतल्या एटी अँड टी या दूरसंचार कंपनीने जून 2018 मध्ये टाइम वॉर्नर या माध्यम कंपनीची खरेदी पूर्ण केली आणि माध्यमाची बाजू जॉन स्टँकी यांच्याकडे दिली. ते 1985 पासून टेलिफोन कंपनीतच वाढलेले. रिचर्ड प्लेपलर टाइम वॉर्नरच्याच एचबीओ या वाहिनीत सुमारे 27 वर्षं होते. फेब्रुवारी 2019 मध्ये ते बाहेर पडले. एप्रिल 2022 मध्ये तो सगळा माध्यम व्यवसाय वेगळा होऊन डिस्कव्हरीत गेला. प्लेपलर गेले ती एक ओळ 2019 मध्येच सांगत होती की तिथे आता कुणाची भाषा चालणार. मी त्याच महिन्यांत नोकरी शोधत होते आणि ही बातमी वाचून पुढे गेले होते.

आता उलटी चूक करू नका. हे कळल्यावर मी थोड्याच काळ टिकलेल्या प्रत्येक नोकरीकडे संशयाने बघायला लागले आणि तिथेही चुकले. मला सरळ केलं काकांनी. काका म्हणजे आमच्या पीजीच्या खालच्या मजल्यावरचे, दूरसंचार खात्यात लागून पुढे बीएसएनएलमधून 31 जानेवारी 2020 ला स्वेच्छानिवृत्ती घेतलेले. त्या एका दिवशी बीएसएनएलचे 78 हजारांहून जास्त लोक बाहेर पडले. मी लॉकडाउननंतर पीजीत परतले तेव्हा त्यांना वही दाखवली. एका बाईंची एका मोबाइल कंपनीतली नोकरी 2012 मध्ये संपलेली बघून मी 'टिकत नाहीत' असं लिहिलं होतं. काका म्हणाले, "अगं, 2 फेब्रुवारी 2012 ला सुप्रीम कोर्टाने 122 लायसन्स रद्द केली. कंपनीच उठली, तर बाई टिकणार कुठे?"

तेव्हा वर्षं वाचायची ती त्या वर्षी धंद्यात काय झालं हे जाणून. जिओ सप्टेंबर 2016 मध्ये आलं, आणि पुढच्या दोन वर्षांत रिलायन्स कम्युनिकेशन्सचा मोबाइल धंदा बंद झाला, एअरसेल दिवाळखोरीत गेली, टाटाची मोबाइल सेवा एअरटेलकडे जायची ठरली, आयडिया आणि व्होडाफोन 31 ऑगस्ट 2018 ला एकत्र झाल्या. 2017-18 मध्ये नोकरी बदललेला माणूस उड्या मारणारा नसतो. उलट, त्या पडझडीत शेवटपर्यंत थांबून ग्राहक आणि टॉवर नीट सोपवून आलेला माणूस मला कुठल्याही पदवीपेक्षा मोठा वाटतो. आणि तुमच्या स्वतःच्या बायोडेटात असा तुकडा असेल तर लाजू नका. माझ्यातही दहा महिन्यांचा आहे. मुलाखतीत कारण सरळ सांगितलं की समोरचा पुढे जातो. मी पाच ठिकाणी सांगितलं, दोघांनी घेतलं.

पुण्यातल्या मुलामुलींची आणखी एक गैरसमजूत आहे, माझीही होती. आपल्याकडे टेलिकॉम म्हणजे सॉफ्टवेअर. 1986 मध्ये ब्रिटिश टेलिकॉमबरोबर सुरू झालेली महिंद्रा ब्रिटिश टेलिकॉम, म्हणजे आजची टेक महिंद्रा, अ‍ॅमडॉक्स, व्होडाफोनची पुण्यातली केंद्रं. बिलिंग, तक्रारींची तिकिटं, नेटवर्कवर नजर. त्यामुळे आपल्याला वाटतं की शिडीच्या टोकाला मोठा आर्किटेक्ट बसलेला असणार. पाचवा रकाना भरल्यावर दिसतं ते वेगळंच. गोपाल विट्टल यांनी 2013 मध्ये एअरटेलची सूत्रं घेतली ती हिंदुस्तान युनिलिव्हरमधल्या कारकिर्दीनंतर. साबणवाला माणूस टॉवरच्या धंद्यात का, असं मीही विचारलं होतं. प्रीपेड रिचार्ज आणि शॅम्पूचं पाऊच यांचं वाटप एकाच तऱ्हेने चालतं: वितरक, त्याखाली गल्लीतली दुकानं, छोटी रक्कम, रोजची उलाढाल. महाराष्ट्र-गोवा सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा तो विभाग, चालवणाऱ्याला (मुंबई वेगळं सर्कल आहे) अँटेनापेक्षा जुन्नर-जतच्या दुकानदाराची जास्त काळजी असते.

कायद्याची आणि नियमनाची माणसं इतकी वर का, हेही कळायला मला सुप्रीम कोर्टाचा 24 ऑक्टोबर 2019 चा एजीआरचा निकाल वाचावा लागला. एजीआर म्हणजे ज्या महसुलावर कंपन्या सरकारला शुल्क देतात तो. 'महसूल' या एका शब्दाच्या व्याख्येवरून कंपन्यांवर हजारो कोटींची थकबाकी आली. जिथे एका व्याख्येवर कंपनीचा जीव टांगलेला, तिथे वकील मागच्या खोलीत बसत नाही.

माध्यमाची बाजू आणखी निराळी. उदय शंकर पाटण्यात टाइम्स ऑफ इंडियाचे बातमीदार होते. तिथून टीव्ही बातम्या, 2007 मध्ये स्टार इंडियाचे सीईओ, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये स्टार व व्हायाकॉम18 एकत्र झाल्यावर त्या कंपनीचे उपाध्यक्ष. सुभाष चंद्र धान्याच्या आणि पॅकेजिंगच्या धंद्यातून आले आणि ऑक्टोबर 1992 मध्ये झी सुरू केलं. आणि टेलिकॉममधले, एअरटेलचे सुनील मित्तल यांची सुरुवात लुधियान्यात सायकलच्या सुट्या भागांची. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधल्या कुणाला 'आपण पत्रकारितेचे, आपलं तिथे काय' वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. पण यांच्या गोष्टी वाचून तोच रस्ता धरू नका. 1992 चा खाजगी चॅनेलचा दरवाजा आता उघडा नाही.

पानावर काय छापायचं ते कंपनी ठरवते, म्हणून कायद्याने लिहावी लागणारी कागदपत्रं वाचा. शेअर बाजारातल्या कंपनीच्या वार्षिक अहवालात कुठल्या संचालकाकडे कोणतं कौशल्य आहे याचा तक्ता असतो. वर्षाला 1 कोटी 2 लाख किंवा त्याहून जास्त घेणारे कर्मचारी आणि पगारात पहिले दहा यांची यादीही कंपनीला करावी लागते, शिक्षण, अनुभव, रुजू झाल्याची तारीख आणि आधीची नोकरी यांसह. ही यादी अहवालासोबत बऱ्याचदा छापत नाहीत, पण भागधारकाने कंपनी सेक्रेटरींकडे मागितली तर मिळते, आणि भागधारक व्हायला एक शेअर पुरतो. आयपीओ, म्हणजे कंपनीचे शेअर पहिल्यांदा बाजारात, येत असेल तर मसुदा माहितीपत्रकातलं व्यवस्थापनाचं प्रकरण सोडू नका. तिथल्या प्रत्येक वाक्यामागे कागद लागतो, त्यामुळे वेबसाइटवरचे 'द्रष्टे' शब्द तिथे गळून पडतात. जोखमींच्या यादीत कधी कधी 'अमुक संचालकांचं पदवी प्रमाणपत्र सापडलं नाही' असंही असतं. बाजारात नसलेल्या छोट्या कंपनीचं काहीच मिळत नाही, तिथे वही आणि लिंक्डइन एवढंच.

एमबीएबद्दल रोज कुणीतरी विचारतं. सगळ्या साहेबांच्या नावाखाली एमबीए दिसतं म्हणून करू नका. त्या ओळीत पदवी आणि आजचं पद शेजारी छापलेलं असतं, मधली 25 वर्षं नसतात. टेलिकॉममध्येच राहायचं पक्कं असेल तर सिंबायोसिसची टेलिकॉम व्यवस्थापनाची संस्था पुण्यातच आहे, पण आधी दोन वर्षं फील्ड बघा. सहा आठवड्यांचे 'लीडरशिप' कोर्स मला अजिबात पटत नाहीत. आणि रविवारी पैसे घेऊन पाऊण तास बोलणारे मेंटॉर तर नकोच. मी दोघांना पैसे दिले, दोघांनी मला माझाच बायोडेटा वाचून दाखवला. काकांनी चहावर जे दिलं त्याची मोजदाद नाही. निवृत्त माणसं शोधा, त्यांना तुमच्याकडून काही विकत घ्यायचं नसतं.

मुलाखतीत शेवटी 'काही विचारायचंय का' म्हणतात, तिथे हे विचारा: मी ज्यांच्या हाताखाली काम करणार ते इथे कधीपासून आहेत, आणि त्यांच्या आधी त्या जागी कोण होतं? हात थरथरतात, माझेही थरथरले होते. 2021 मध्ये खराडीत मी हे विचारलं तेव्हा समोरच्या मॅडम क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मी अकरा वर्षं आहे. माझ्या आधीचे साहेब दुसऱ्या मजल्यावर बसतात, भेटायचंय?" मी हो म्हटलं. त्यांना भेटून आल्यावरच सही केली.