नव्या वर्षाच्या आशा वहीत कशा उतरवाव्यात

नाताळ आणि ३१ डिसेंबरची चर्चमधली रात्रीची उपासना यांच्या मधले पाच-सहा दिवस या कामाला उत्तम. उपासनेत बसून मनातल्या मनात घाईने ठरवलेले सहसा संक्रांतीपर्यंतच टिकते. सोलापुरात तेव्हा सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा भरते, घरी पाहुणे येतात, रस्त्यांवर गर्दी होते आणि ठरवलेले सगळे मागे पडते. म्हणून आधी लिहावे आणि वही घेऊनच उपासनेला जावे.

साहित्य थोडेच लागते: एक साधी वही, पेन, पवित्र शास्त्र (बायबल), भिंतीवरचे कॅलेंडर आणि सलग दीड तास. तारखा छापलेली डायरी घेऊ नका. चार पाने कोरी राहिली की अपराधी वाटते आणि मग ती उघडायचीच टाळली जाते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

पहिले पान सरत्या वर्षाचे. डावीकडे ज्यांसाठी प्रार्थना केली त्या गोष्टी लिहा, उजवीकडे त्यांचे काय झाले ते: ‘झाले’, ‘वेगळ्या रीतीने झाले’ किंवा ‘अजून नाही’. ‘अजून नाही’ पुढे कारण लिहू नका. ‘देवाची इच्छा नव्हती’ असे आपणच लिहून टाकणे म्हणजे त्याच्या वतीने सही करणे. पवित्र शास्त्रातले स्तोत्र १३ उघडून पाहा. पहिल्या दोन वचनांतच ‘कोठवर?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि स्तोत्रकर्ता तो तसाच देवापुढे मांडतो. तुमच्या पानावरही तो तसाच राहू द्या.

आता आशा. तीनच लिहाव्यात: एक स्वतःसाठी, एक घरासाठी, एक घराबाहेरच्या कोणासाठी तरी. दहा लिहिल्या की यादी वाण्याच्या सामानासारखी होते आणि सहावी कोणती होती ते मार्चमध्ये कोणाला आठवत नाही. तिसरी आशा गाळण्याचा मोह फार होतो, ती मात्र गाळू नका.

प्रत्येक आशेचे दोन भाग करा, ‘मागणे’ आणि ‘माझे काम’. याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात काही लोक म्हणतात, अमक्या शहरी जाऊ, वर्षभर राहू, व्यापार करून पैसा मिळवू. याकोब बेत करायला मना करत नाही. ‘प्रभूची इच्छा असेल तर’ एवढे त्यात असू द्या म्हणतो. दुसरीकडे लूक १४ मध्ये येशू बुरूज बांधणाऱ्याला आधी बसून खर्चाचा हिशेब करायला सांगतो. मागणे याकोबाच्या रीतीने लिहावे, काम लूकच्या.

‘मुलाला नोकरी लागावी’ हे मागणे झाले. सोलापूरची मुले बहुधा पुण्याकडे जातात, तेव्हा काम असे लिहा: जानेवारीअखेर कागदपत्रांच्या प्रती काढून ठेवणे, पुण्यात राहण्या-जेवणाचे तीन महिन्यांचे पैसे बाजूला काढणे, तिथल्या मंडळीत (चर्चमध्ये) ओळखीचे कोण आहे ते विचारून ठेवणे. जिथे हातात काहीच नसते, उदाहरणार्थ आईचे दुखणे, तिथेही काम असते: दर गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास तिच्याजवळ बसून एक स्तोत्र वाचणे. वार आणि वेळ नसलेले काम होत नाही.

सगळ्यात जास्त बिघडते ते दुसऱ्याच्या मनावर अवलंबून असलेल्या आशेत. ‘भावाने चूक कबूल करावी’ असे लिहिले की वर्षभर त्याच्याकडे डोळे लावून बसावे लागते. मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट करायला जायचे असते, आणि तिथे आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे एवढेच पुरेसे मानले आहे. चूक कोणाची, हे विचारलेले नाही. म्हणून ‘जानेवारीतल्या प्रभुभोजनाआधी (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीआधी) मी त्याच्या घरी जाईन’ असे लिहा. जागेचा वाद कोर्टात असेल तर कागदांबद्दल बोलू नका, ते वकिलावर सोडा. प्रकृतीची चौकशी करायला कोर्टाची मनाई नसते.

बऱ्याच मंडळ्यांत नवीन वर्षाच्या उपासनेत वचनाचे कार्ड मिळते. ते लॉटरीच्या तिकिटासारखे वाचले जाते, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. कार्डावर हमखास येणारे वचन म्हणजे यिर्मया २९:११. देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत आणि पुढे आशा आहे, असे ते सांगते. पण तो अध्याय म्हणजे बाबेलात (बॅबिलोनमध्ये) कैद होऊन गेलेल्या लोकांना यरुशलेमहून पाठवलेले पत्र आहे. लगेच आधीच्या, दहाव्या वचनात ७० वर्षे लागतील असे स्पष्ट लिहिले आहे. त्याच्याही आधीच्या, २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळे परत येईल असे सांगत होता, आणि तो खोटा ठरला. तोपर्यंत काय करायचे तेही पत्रात आहे: घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. कार्ड वहीत चिकटवा, पण त्याच रात्री किंवा १ जानेवारीला तो अख्खा अध्याय वाचा. सातव्या वचनावरून तिसऱ्या आशेसाठी विषयही मिळतो: आपल्या गल्लीतली विडी वळणारी आजी, यंत्रमागावर रात्रपाळी करणारा शेजारी, बंद पडलेला नळ.

वाचनाचे गणित आधी मांडा. पवित्र शास्त्रात १,१८९ अध्याय आहेत. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले तर वर्षात पुरे होतात. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी नवा करार घ्यावा: २६० अध्याय, आठवड्यातून पाच दिवस एकेक, बरोबर ५२ आठवडे. पहिल्या पुस्तकापासून, म्हणजे उत्पत्तीपासून, सुरू करणारे बहुतेक जण दुसऱ्या, निर्गमच्या उत्तरार्धात, निवासमंडपाच्या (देवाच्या उपासनेच्या तंबूच्या) मापांपाशी अडतात. जे तिथून निघतात ते लेवीयमध्ये अडतात. सोबत रोज एक स्तोत्र ठेवले तर तो पट्टा पार होतो.

वेळ पहाटेची धरत असाल तर नळाचा दिवस लक्षात घ्या. शहरात रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी येते त्या दिवशी पिंप भरण्यापुढे दुसरे काही सुचत नाही. तो दिवस आठवड्याच्या दोन सुट्ट्यांपैकी एक धरावा. एप्रिल-मेमध्ये दुपारी डोके चालत नाही, तेव्हा संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना गच्चीवर घ्या.

दानाचा आकडाही वहीतच असू द्या. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, महिनाअखेर उरलेल्यातून काढायचा म्हटला तर निघत नाही. १८,००० पगार असेल तर १,८०० पहिल्याच दिवशी पाकिटात घालावे. आठवड्याला मजुरी मिळणाऱ्यांनी आठवड्यालाच काढावे. अंगावर कर्ज असेल तर कमी आकड्याने सुरुवात करा, मात्र ठरलेला आकडा मोडू नका.

महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी, पंधरा मिनिटे वही उघडा. मागणे बदलले असेल तर खोडून नवीन लिहा, तारीख घाला. पान फाडू नका.

वाचन मध्येच तुटले तर राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, पुन्हा धरावे. तो नेहमी ४ फेब्रुवारी ते १० मार्चच्या दरम्यान येतो आणि तिथून पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंत (ईस्टरपर्यंत), मधले रविवार सोडून, ४० दिवस मिळतात. मागचे भरून काढायला बसू नका, त्या दिवशीच्या अध्यायापासून पुढे चला. राहिलेले अध्याय वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवा आणि नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या चार आठवड्यांत वाचा.