सामाजिक कार्यासाठी परदेशातील सामूहिक सायकल मोहीम : नाव नोंदवण्यापासून परतीपर्यंत

एखाद्या सामाजिक कार्यासाठी परदेशात निघणाऱ्या सायकल मोहिमेचे आवाहन वाचले की पहिला प्रश्न मनात येतो तो अंतराचा : एवढे आपल्याला झेपेल का? माझ्या मते तो प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न पैशाचा आहे आणि तो नाव नोंदवण्यापूर्वीच आयोजकांना विचारला पाहिजे. अशा मोहिमेत दोन प्रकारचे पैसे असतात : आपला प्रवास, मुक्काम, जेवण आणि साहाय्यक गाडी यांचा खर्च, आणि देणगीदारांनी कार्यासाठी दिलेली रक्कम. हे दोन हिशेब वेगळे ठेवले जातात का, देणगीतून सहलीचा खर्च भागवला जातो का, आणि ठरलेली रक्कम जमली नाही तर ती कोणी भरायची, याची उत्तरे लेखी घ्यावीत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८० पासून कर्करोग संशोधनासाठी निघणाऱ्या ‘पॅन-मास चॅलेंज’मध्ये प्रत्येक स्वार किमान रकमेची हमी देतो आणि तूट राहिल्यास ती स्वतःच्या खिशातून भरतो. ही अट कडक वाटते खरी, पण ती आधीच सांगितलेली असते. जिथे या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळते, तिथे मी नाव नोंदवणार नाही.

आता अंतराकडे वळू. एकूण किलोमीटरचा आकडा फसवा असतो. तो दिवसांनी भागून पाहावा आणि रोजची चढाईही विचारावी. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस या मार्गावर एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या आरोग्यसेवेसाठी २००२ साली सुरू झालेली आणि २०२५ मध्ये थांबलेली ‘एड्स लाइफसायकल’ मोहीम सात दिवसांत सुमारे ८७७ किलोमीटर जात असे, म्हणजे सरासरी रोज सव्वाशे. एका दिवसात सव्वाशे किलोमीटर करणारे पुष्कळ असतात, पण तेच चौथ्या सकाळी, दुखऱ्या बैठकीने पुन्हा करणे ही निराळी गोष्ट आहे. म्हणून निदान तीन-चार महिने आधी सराव सुरू करावा, आठवड्याचे अंतर हळूहळू वाढवावे आणि शेवटच्या दीड महिन्यात शनिवार-रविवार लागोपाठ लांब फेऱ्या कराव्यात. रविवारची फेरी शनिवारपेक्षा छोटी असली तरी चालेल, पण ती टाळू नये, कारण थकलेल्या पायांनी सायकल चालवण्याची सवय तिथेच लागते. सीटची उंची, हँडलचे अंतर आणि गादीची चड्डी यांचा निकाल याच काळात लावावा. त्या चड्डीच्या आत दुसरी अंतर्वस्त्रे घालायची नसतात, हे कोणीतरी सांगेपर्यंत अनेकांना कळत नाही आणि तोवर कातडी सोललेली असते. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल तर हँडलवर भार जास्त पडतो आहे असे समजून सायकलची मापे तपासून घ्यावीत.

सायकल स्वतःची न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी, याबद्दल मतभेद आहेत. मोहीम आठवडाभराची असेल तर भाड्याची चालते, मात्र आपली सीट आणि पेडल सोबत न्यावीत. त्याहून मोठ्या प्रवासाला मी आपलीच सायकल नेतो. खोक्यात भरताना पेडल काढावी लागतात आणि डावे पेडल उलट्या आट्याचे असल्याने नेहमीच्या सवयीने पाना फिरवला तर ते अधिकच घट्ट बसते. डिस्क ब्रेक असल्यास चाक काढल्यावर ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकची पट्टी किंवा जाड पुठ्ठा अडकवावा, नाहीतर वाटेत ब्रेक दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटतात. मागचा डिरेल्युअर, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग, ज्या छोट्या धातूच्या तुकड्यावर बसतो, तो हँगर आघाताने मुद्दाम वाकावा असाच केलेला असतो आणि जवळपास प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. माझा एकदा विमानप्रवासात वाकला, उतरल्या गावी तसा मिळाला नाही आणि पहिले दोन दिवस मी साहाय्यक गाडीच्या खिडकीतून रस्ता पाहिला. तेव्हापासून सुटा हँगर माझ्या हातसामानात असतो. दिव्यांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँकही हातसामानातच ठेवाव्या लागतात. हवा भरण्याची गॅसची नळकांडी न्यायची असतील तर विमान कंपनीची परवानगी आधी घ्यावी.

कागदपत्रांत दोन गोष्टी बारकाईने पाहाव्यात. मार्ग एखाद्या देशाबाहेर जाऊन पुन्हा आत येत असेल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा उपयोगी पडत नाही. विम्याच्या कागदावर ‘सायकल मोहीम’ किंवा तत्सम शब्द स्पष्टपणे समाविष्ट आहेत का, हे वाचावे. युरोपातील शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण लागते, पण तेवढ्याने सायकलवरचा अपघात भरपाईस पात्र ठरतोच असे नाही. परक्या देशात रस्त्यावर देणगीची पेटी फिरवण्यास अनेक ठिकाणी परवाना लागतो, त्यामुळे देणग्या निघण्यापूर्वी आपल्या परिचितांकडूनच जमवणे सोयीचे.

रस्त्यावर खरी परीक्षा समूहाची असते. पुढच्याच्या आडोशाने गेल्यास वाऱ्याचा विरोध बराच कमी होतो आणि दमही वाचतो, पण त्यासाठी आपले पुढचे चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला येऊ द्यायचे नसते. तो जरा सरकला तरी पडतो तो मागचा. खड्डा दिसला की बोटाने दाखवायचा, थांबण्याआधी ओरडून सांगायचे आणि अचानक ब्रेक मारायचा नाही. आपल्या देशात वाहतूक दुसऱ्या बाजूने चालत असेल तर धोका सरळ रस्त्यावर नसतो. तो सकाळी मुक्कामातून बाहेर पडताना आणि रिकाम्या चौकात वळताना असतो. भूक लागण्याची वाट न पाहता पहिल्या तासापासून दर अर्ध्या तासाने थोडे खावे, आणि उन्हात नुसते पाणी न पिता त्यात क्षारही घालावेत. सर्वांत संथ स्वाराला मागे एकटे सोडले जात नाही ना, हे आयोजकांना आधी विचारावेच, आणि आपण वेगवान असलो तर अधूनमधून आपणही त्याच्यासोबत राहावे.

वाटेत ज्या शाळेला, रुग्णालयाला किंवा वस्तीला भेट द्यायची असेल, तिथे त्या दिवशीचे अंतर कमी ठेवायला सांगावे. घामेजलेल्या तीस माणसांनी पंधरा मिनिटांत छायाचित्रे काढून निघून जाणे यजमानांना आवडत नाही, आणि मुलांची किंवा रुग्णांची छायाचित्रे त्यांच्या पालकांच्या वा त्यांच्या स्वतःच्या संमतीशिवाय काढूच नयेत.

परत आल्यावर महिन्याभरात प्रत्येक देणगीदाराला जमलेली एकूण रक्कम, ती ज्या संस्थेला दिली तिची पावती आणि आपण स्वतः भरलेला खर्च वेगळा दाखवून कळवावे. मोहीम एका शहरात सुरू होऊन दुसऱ्या शहरात संपणार असेल तर सायकलचे खोके सुरुवातीलाच मागे राहते. म्हणून शेवटच्या शहरातील एखाद्या सायकल दुकानाला पोहोचण्याच्या आठवडाभर आधी कळवून रिकामे खोके राखून ठेवायला सांगावे.