जुनं नेटवर्क बंद होण्याआधी गाड्यांमधले ट्रॅकर तपासा

अमेरिकेतल्या मोठ्या मोबाइल कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं, २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातही ते गेलं. अशा वेळी ट्रॅकरचा दिवा चालू राहतो, जीपीएसला उपग्रहही सापडतात, पण ठिकाण ऑफिसपर्यंत पोचत नाही. नुसतं सिम बदलून हे सुटत नाही, कारण अडचण आतल्या मोडेमची, म्हणजे नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाची असते; तो जुन्याच नेटवर्कसाठी बनलेला असतो.

प्रत्येक गाडीपुढे ट्रॅकरचं मॉडेल, मोडेम आणि सिम लिहून काढा. डॅशकॅम, रीफर (थंड माल नेणाऱ्या) गाडीतला तापमान सेन्सर, एसओएस बटण हेही विसरू नका. हीच उपकरणं हमखास यादीतून सुटतात. 'डेटा ४जीवर चालतो' एवढ्यावर समाधान मानू नका. काही उपकरणांत आवाजी कॉल अजूनही २जी-३जीवरूनच जातो. व्होएलटीई, म्हणजे ४जीवरून आवाजी कॉल करायची सोय नसेल, तर जुनं नेटवर्क बंद झाल्यावर अपघाताच्या वेळी एसओएस कॉल लागणारच नाही. माझ्या मते सगळ्यात आधी हेच तपासावं.

नवीन उपकरण घेताना एलटीई-एम किंवा कॅट-१ बघा; हे ४जीचेच, थोडा डेटा पाठवणाऱ्या उपकरणांसाठीचे प्रकार आहेत. गाडी ज्या भागांतून धावते तिथले बँड, म्हणजे तिथलं नेटवर्क वापरतं ते फ्रिक्वेन्सी पट्टे, त्यात हवेत. एनबी-आयओटी हा असाच आणखी एक प्रकार, पण तो मुळात एका जागी असलेल्या मीटरसारख्या वस्तूंसाठी आहे. धावत्या गाडीत टॉवर बदलताना तो अडखळतो.

फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट जुनं नेटवर्क चालू असतानाच पाठवा. ते बंद झालं की जुन्या उपकरणापर्यंत दुरून पोचता येत नाही, प्रत्येक गाडी गॅरेजला बोलवावी लागते. उपकरणं बदलण्याचं काम सर्व्हिसिंगच्या तारखांना जोडा, आणि लांबच्या मार्गावरच्या गाड्या आधी घ्या.