फोल्डिंग कॅमेऱ्याचा बेलोज गळतोय? पॅच मारायच्या आधी या चुका टाळा

पावसाळा संपला की लोकांच्या ट्रंका उघडतात आणि आजोबांचे फोल्डिंग कॅमेरे बाहेर पडतात. कुणाचा निपाणीच्या भंगारवाल्याकडून घेतलेला, कुणाला चिकोडीच्या बंद पडलेल्या स्टुडिओतनं मिळालेला, आणि सगळ्यांचं वाक्य एकच, "बेलोज गळतोय, पॅच मारलाय, तरी फोटोत पांढरं येतंयच." बेलोज म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधला घड्याघड्यांचा काळा भाता, आणि गळतोय म्हणजे त्यातनं नको तो उजेड आत शिरतोय. पॅच मारलाय ऐकलं की माझं डोकं सटकतं, कारण आता आधी तुझा पॅच खरवडून काढायचा आणि मग खरं काम सुरू. नुसता गळका कॅमेरा आणून दिला असतास तर निम्म्या वेळात झालं असतं की रे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उजेड कुठनं येतोय ते न बघताच बेलोजवर तुटून पडणं. ज्यांच्या घरात बडोद्यात बनलेला अग्फा क्लिक थ्री हा बिनबेलोजचा कॅमेरा होता त्यांना बेलोज हा प्रकारच नवीन असतो, त्यामुळे काहीही बिघडलं की संशय पहिला त्याच्यावर. आधी निगेटिव्ह हातात घ्या. स्कॅन नको, निगेटिव्ह, कारण लॅबवाले स्कॅन करताना कडा कापतात आणि खरी गोष्ट त्या कडेवरच लिहिलेली असते. उजेड लागलेली जागा निगेटिव्हवर काळपट दिसते. हा काळपटपणा फ्रेमच्या चौकोनातच थांबत असेल, बाहेरच्या पट्टीवर अजिबात येत नसेल, तर उजेड पुढून आलाय, म्हणजे बेलोज किंवा शटर जिथे बसतं तिथला सांधा. पट्टीवर, पार फिल्मच्या काठापर्यंत गेला असेल तर बेलोजला हात लावू नका, मागचं दार, बिजागरी, नाहीतर रोल सैल गुंडाळला गेलाय. आणि बऱ्याच फ्रेमवर साधारण एकाच ठिकाणी गोल डाग असेल तर मागची लाल खिडकी, म्हणजे रोलच्या मागच्या कागदावरचे फोटोचे नंबर जिथनं बघतो ती.

बेळगावात टिळकवाडीतल्या एका काकांची गोष्ट सांगतो. झाईस आयकॉनचा नेटार फोल्डिंग कॅमेरा, बेलोज एकदम ठणठणीत, असा बेलोज बघायला मिळणं म्हणजे नशीब. काका एप्रिलच्या भर दुपारी राजहंसगडावर गेले, बारा फोटो काढले, आणि बहुतेक सगळ्यांवर मधोमध गोल धुरकट डाग. काकांनी कुणाला विचारलं नाही, खडेबाजारातनं काळ्या ऑईल पेंटचा डबा आणला आणि अख्खा बेलोज रंगवून काढला, आतनं बाहेरनं. पुढच्या रोलवर तोच डाग, तिथेच. मग अजून एक हात मारला. माझ्याकडे कॅमेरा आला तेव्हा रंग घडीघडीला तडकलेला आणि त्या तडकलेल्या रंगाने खालचं पण ओढून फाडलेलं, म्हणजे जिथे एकही भोक नव्हतं तिथे आता कोपऱ्याकोपऱ्यात भोकं. दोष होता लाल खिडकीचा. ही खिडकी ज्या जमान्यात सुरू झाली तेव्हाच्या बऱ्याच फिल्मला लाल उजेड दिसायचाच नाही, आताच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मला लाल पण दिसतो, त्यात हातात ४०० स्पीडचा, म्हणजे थोडक्या उजेडालाही धरणारा रोल आणि डोक्यावर ऊन, मग मागच्या कागदातनं पण थोडा उजेड जाणारच. उपाय काय, तर खिडकीवर बाहेरनं काळ्या टेपचा एक तुकडा, फक्त रोल पुढे सरकवताना उचलायचा, तेही सूर्याकडे पाठ करून स्वतःच्या सावलीत. काका म्हणाले, "एवढंच?" हो काका, एवढंच होतं. आता बेलोज बदलायचाय तो वेगळा.

दुसरी माझी आवडती चूक म्हणजे भोक दिसलं की बदाबदा काहीतरी ओतणं. अग्फा इझोलेट या फोल्डिंग कॅमेऱ्याचे १९५०च्या दशकातले बेलोज यासाठी जगभर बदनाम आहेत, चामडं नाही, नकली चामड्याचं मटेरियल, ते कोपऱ्यावर घड्या पडून पडून सुईच्या टोकाएवढं फुटतं. खानापूरच्या एका पोराने असा इझोलेट आणला, सगळ्या कोपऱ्यात काळ्या सिलिकॉन सीलंटचे गोळे. "सर, कोपऱ्यातनं उजेड येत होता, भरून टाकलं की." भरून टाकलं म्हणजे, गळकी गच्ची आहे काय मर्दा ती? बेलोजला घडी व्हायचं असतं. बंद कॅमेऱ्यात सगळ्या घड्या एकावर एक बसायला जागा किती, तर बोटभर. प्रत्येक कोपऱ्यावर मिलिमीटरभर थर चढला तर दार लागतच नाही, आणि याने काय केलं, जोर लावून लावलं. वर ते पूर्ण वाळलं पण नव्हतं. जुलै-ऑगस्टभर कॅमेरा कपाटात, खानापूरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, आणि गणपतीत फोटो काढायचा म्हणून बटण दाबलं. स्प्रिंगने दार उघडलं, लेन्स पुढे गेली, घड्या एकमेकांना चिकटलेल्या तशाच मागे राहिल्या, बेलोज शटरच्या मागनं उपटून हातात. त्यात एका बाजूचं जाड जास्त असल्याने लेन्स धरणारी पुढची पट्टी पण किंचित वाकली होती, म्हणजे तसा तो बेलोज टिकला असता तरी फोटोची एक बाजू शार्प आणि दुसरी धूसर आली असती.

मी काय करतो ते सांगतो, हीच एक पद्धत आहे असं नाही, पण माझ्याकडनं गेलेले कॅमेरे गळत परत येत नाहीत. रात्री खोली पूर्ण अंधारी करायची, खिडकीच्या फटी सुद्धा बंद, आणि पाच-दहा मिनिटं नुसतं बसायचं. ही पाच मिनिटं बसायला कुणी तयार नसतो, सगळी गडबड तिथेच. डोळे सरावल्यावर मागचं दार उघडून छोटा एलईडी टॉर्च बेलोजच्या आत घालायचा. मोबाईलचा टॉर्च नको, तो आत जात नाही, बाजूने डोळ्यात मारतो आणि आपण म्हणतो काही दिसत नाही, बेलोज चांगलाय. मग लेन्स हळूहळू मागे-पुढे करायची, कारण काही भोकं पूर्ण ताणल्यावर दिसतात आणि काही अर्ध्या घडीतच. चारी कोपरे फिरवून बघायचं, तिरकं पण बघायचं, समोरनं न दिसणारं भोक तिरकं बघितलं की चांदणीसारखं लुकलुकतं. दिसलं की शिंप्याच्या पांढऱ्या खडूने खूण.

सुईएवढ्या भोकाला मी स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा काळा फॅब्रिक कलर वापरतो, थेंबभर पाणी घालून, सगळ्यात बारीक ब्रशने. पातळ हात, वाळू द्यायचा, परत पातळ हात. बेलोज पूर्ण उघडा ठेवूनच वाळवायचा, पुढच्या हाताआधी सावकाश अर्धा मिटून परत उघडायचा म्हणजे रंग घडीची सवय लावून घेतो. शेवटी रात्रभर, पावसाळी हवा असेल तर दोन दिवस, आणि मिटायच्या आधी बोटाने चिमूटभर टाल्कम पावडर, बाहेरनं, आत नाही, आतली उडून फिल्मवर आणि लेन्सवर बसते. खरं सांगायचं तर हे काम पावसात काढूच नका, संक्रांतीनंतर काढा, आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीची हवा यासाठी एक नंबर.

भोक फाटून चीर झाली असेल तर नुसता रंग पुरत नाही, पातळ कापडाचा पॅच लागतो. जुन्या छत्रीचं काळं कापड चालतं, पण आधी टॉर्चवर धरून बघा, बऱ्याच छत्र्यांतनं उजेड आरपार येतो, तसं असेल तर त्याला आधी तोच काळा रंग द्या. चिकटवायला पंक्चरवाल्याचं रबर सोल्युशन, दोन्हीकडे पुसट लावून, थोडं सुकू देऊन मग दाबायचं. फेव्हिकॉल आणि काजळी हा जुना नुस्खा बरेच जण सांगतात, कोरड्या गावात चालत असेल, जांबोटी-खानापूर पट्ट्यात दमट हवेने तो परत मऊ पडतो आणि घड्या चिकटतात.

बाकीच्या चुका पटापट. फेवीक्विक लावू नका, घडीवर काचेसारखा तडकतो आणि त्याची वाफ लेन्सवर पांढरी बसते, ती काढताना रडाल. नेलपॉलिश पण तसंच तडकतं. इलेक्ट्रिकची टेप बेलोजवर कायमची नको, मे महिन्यात गोंद पाझरतो. चामड्याच्या बेलोजला खोबरेल तेल चोळणारे पण भेटलेत मला, चामडं मऊ होतं म्हणे, मऊ होतं पण आतला पुठ्ठा आणि कापड तेल पितं, सांधे सुटतात. आतल्या बाजूला चकचकीत काळा रंग कधीच नाही, उजेड आतल्या आत नाचतो आणि सगळा फोटो फिक्का येतो. आणि बटण दाबून फटकन कॅमेरा उघडायची स्टाईल सिनेमात शोभते, बेलोज एकदम ताणला की आत हवा ओढली जाते, कोपरे फाटतात, फिल्म पण पुढे फुगते, दाराला बोट लावून सावकाश उघडा आणि कॅमेरा उघडल्यानंतरच फिल्म पुढच्या नंबरवर न्या.

काम झालं की लगेच महागाचा रोल घालून गोव्याला पळू नका. ज्याच्याकडे डार्करूम आहे त्याने लाल दिव्यात ब्रोमाईड पेपरचा, म्हणजे फोटो छापायच्या कागदाचा तुकडा फिल्मच्या जागी बसवावा, दार लावावं, लेन्स झाकावी, बेलोज उघडा ठेवून कॅमेरा अर्धा तास उन्हात सगळ्या बाजूंनी फिरवत ठेवावा आणि पेपर डेव्हलप करावा. पांढरा राहिला तर ठीक. पेपर फिल्मपेक्षा खूप स्लो असतो म्हणून एवढा वेळ, पाच मिनिटांत काढून "ओके आहे" म्हणायचं नाही.

टॉर्च टेस्टमध्ये जवळपास प्रत्येक घडीचा कोपरा चमकला तर मात्र पॅचचा नाद सोडा, आज बारा बुजवाल, पुढच्या महिन्यात शेजारचे बारा फुटतील, मटेरियलच संपलेलं असतं. नवीन बेलोज बसवा, बाहेरनं मागवा नाहीतर स्वतः बनवा. फक्त नवीन बसून, दार नीट लागून, टेस्ट होईपर्यंत जुना फाटका बेलोज कचऱ्यात टाकू नका, घड्या किती, कोपऱ्याचा काट कसा आणि आतल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या किती रुंद, हे सगळं माप त्याच्यावरनंच घ्यायचं असतं.